कोड लिहून मिळतो, तपासायचा कोणी? एआय टूल्स आणि पुण्यातल्या आयटी नोकऱ्या

२०२५ च्या जुलैमध्ये टीसीएसने आपल्या मनुष्यबळातले सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांच्या वर लोक कमी करणार असल्याचं जाहीर केलं. कंपनीचं म्हणणं असं होतं, की याचं कारण एआय नाही. लोकांकडची कौशल्यं आणि हातातली कामं यांचा मेळ बसत नाही. पुण्यात चर्चा मात्र एआयचीच झाली. इंजिनिअरिंगच्या प्रवेशफेऱ्याही त्याच सुमारास चालू होत्या, त्यामुळे ओळखीच्या घराघरांतून एकच प्रश्न येत होता: मुलीला कॉम्प्युटरला घालावं की नको? ज्यांच्या घरातलं कोणी आधीच हिंजवडीला किंवा खराडीला जातं आणि फ्लॅटचे हप्ते चालू आहेत, त्यांचा प्रश्न जास्त बोचरा. ही नोकरी कर्ज फिटेपर्यंत टिकेल का?

मी पुण्यातल्या वेगवेगळ्या कंपन्यांत काम करणाऱ्या डेव्हलपरांशी या विषयावर बोलले. काही पंधरा-वीस वर्षं मुरलेले, काही नुकतेच लागलेले. त्यांच्या नोकरीला धक्का लागू नये म्हणून इथे कोणाचंही नाव घेतलेलं नाही.

डेव्हलपर दिवसभर करतो काय?

इथून सुरुवात करायला हवी, कारण बहुतेक गैरसमज इथेच आहेत. कोड म्हणजे संगणकाला दिलेल्या सूचना, आणि डेव्हलपर म्हणजे त्या टाइप करणारा माणूस, असं बाहेरून वाटतं. तसं असतं तर टाइप करणारं यंत्र आल्यावर माणसाचं काम संपलंच असतं.

खराडीत बँकांसाठीच्या सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्या एका ताईंनी मला त्यांचं एक काम तपशीलवार सांगितलं. एका ग्राहकाला उशिराचा दंड दोनदा लागला, अशी तक्रार आली. त्यांनी आधी लॉग वाचले, म्हणजे सॉफ्टवेअर चालताना आपोआप होणाऱ्या नोंदी. मग कित्येक वर्षांपूर्वी कंपनी सोडून गेलेल्या कोणीतरी लिहिलेला कोड वाचला. मग बँकेच्या माणसाला फोन केला: ‘तुमच्याकडे हप्ता उशिरा आला असं नेमकं केव्हापासून धरतात? त्या दिवशी रात्री बारापासून, की दुसऱ्या दिवशी बँक उघडल्यापासून?’ त्याचं लेखी उत्तर मिळवलं. मग दोन ओळी बदलल्या, सहकाऱ्याकडून तपासून घेतल्या, चाचण्या चालवल्या.

‘दोन दिवस गेले माझे,’ त्या म्हणाल्या. ‘टूलने त्या दोन ओळी दहा सेकंदांत लिहिल्या असत्या, मान्य आहे. पण कुठल्या दोन ओळी, हे कळायलाच दोन दिवस लागतात ना हो!’

पुण्यातल्या आयटीचा मोठा भाग असाच आहे. परदेशी बँका, विमा कंपन्या, वाहनउद्योग यांची जुनी सॉफ्टवेअर चालू ठेवणं, दुरुस्त करणं, नव्या नियमांनुसार बदलणं. कोऱ्या पाटीवर नवीन काही लिहायची संधी अनेकांना वर्षानुवर्षं मिळत नाही.

टूलच्या आत काय चालतं?

‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ एवढे शब्द वाचले की पुढचे आपल्या ओठांवर आपोआप येतात. आयुष्यभर इतक्या लग्नपत्रिका वाचलेल्या असतात, की त्यांचा साचा डोक्यात पक्का बसलेला असतो. एआय टूलच्या आत जे लार्ज लँग्वेज मॉडेल असतं, त्याला मी पुढे नुसतं मॉडेल म्हणेन, ते असंच करतं, फक्त अफाट प्रमाणावर. जगभरचा मजकूर आणि खुलेपणाने ठेवलेला कोड यांवरून ते घडवलेलं असतं. समोर जे आहे त्यावरून पुढचा तुकडा कोणता येण्याची शक्यता जास्त, हे ते ठरवतं, तो जोडतं, आणि पुन्हा तेच करतं. गुगलच्या संशोधकांनी २०१७ मध्ये मांडलेल्या ट्रान्सफॉर्मर या रचनेवर आजची ही मॉडेलं उभी आहेत.

आता अशा मॉडेलला सांगा, ‘मुलीच्या लग्नाची पत्रिका लिहून दे.’ मुहूर्त आणि कार्यालय मात्र सांगू नका. नवी मॉडेलं कधी उलट विचारतात, कधी जागा मोकळी सोडतात. पण कधी सायंकाळी ६ वाजून ४२ मिनिटांचा गोरज मुहूर्त आणि कर्वे रोडवरचं एखादं शोभेलसं कार्यालय घालून मोकळी होतात. पत्रिका देखणी, शुद्धलेखन निर्दोष, ‘आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं’ ही ओळसुद्धा जागच्या जागी. मुहूर्त खोटा आहे हे छापखान्यातल्या माणसाला कळणार नाही, शेजाऱ्यालाही नाही. ते फक्त घरच्यालाच कळेल.

कोडमध्ये अगदी हेच होतं. मॉडेल अस्तित्वातच नसलेल्या लायब्ररीचं नाव ठामपणे सुचवतं. लायब्ररी म्हणजे इतरांनी लिहून ठेवलेला तयार कोड. यातून एक नवा धोका उभा राहिला आहे: मॉडेलं वारंवार सुचवतात त्याच नावाची घातक लायब्ररी एखादा भामटा तयार करून ठेवू शकतो, आणि सुचवलेलं न तपासता घेणारा अलगद त्याच्या जाळ्यात सापडतो.

पुढची ओळ सुचवण्यापासून अख्खं काम करण्यापर्यंत

गिटहब कोपायलट हे कोड लिहायला मदत करणारं टूल २०२१ मध्ये चाचणीसाठी आलं तेव्हा ते तुमच्या अर्ध्या ओळीवरून पुढच्या काही ओळी सुचवायचं. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यावर लोक प्रश्न विचारून कोड मिळवू लागले. त्यानंतर एजंट आले. एजंट म्हणजे मॉडेलला हातपाय दिलेलं टूल. कर्सर, क्लॉड कोड यांसारखी टूल्स प्रकल्पातल्या फायली स्वतः उघडून वाचतात, त्यात बदल करतात, चाचण्या चालवतात, चूक आली तर ती वाचून पुन्हा प्रयत्न करतात.

फेब्रुवारी २०२५ मध्ये एआय संशोधक आंद्रेय कार्पाथी यांनी ‘व्हाइब कोडिंग’ हा शब्द रूढ केला. कोडकडे फारसं बघायचंच नाही, मॉडेलला सांगत राहायचं आणि जे येईल ते चालवून पाहायचं, अशी ती पद्धत. घरच्या घरी एखादं छोटं ॲप करायला झकास. सोसायटीच्या पार्किंगची यादी, भिशीचा हिशोब, असल्या कामांसाठी माझ्या ओळखीच्या बिगर-आयटी लोकांनीही अशी ॲप केली आहेत आणि मला त्याचं मनापासून कौतुक आहे. पण जुलै २०२५ मध्ये रेप्लिट या ॲप बनवून देणाऱ्या सेवेच्या एजंटने एका ग्राहकाचा चालू डेटाबेस पुसून टाकला. काहीही बदलू नकोस, असं त्याला स्पष्ट सांगितलेलं होतं. भिशीचं ॲप आणि बँकेची प्रणाली यांत हाच फरक आहे.

‘चाचण्या असतात ना? चूक तिथे पकडली जाईलच’

हा आक्षेप रास्त आहे. टेस्ट म्हणजे कोड बरोबर चालतो का हे तपासणारा आणखी थोडा कोड. गोम अशी, की आता टेस्टही टूलच लिहून देतं.

बाणेरला काम करणाऱ्या एका अनुभवी डेव्हलपरांनी याचं उदाहरण म्हणून कर्जाच्या हप्त्यांची तारीख घेतली. हप्ता दर महिन्याच्या ३१ तारखेला आहे. ३१ जानेवारीत एक महिना मिळवला तर काय यावं? जावास्क्रिप्टसारख्या भाषेतली तारखेची साधी सोय ‘३१ फेब्रुवारी’ धरते, ती तारीख नसल्यामुळे साध्या (लीप नसलेल्या) वर्षी तीन दिवस पुढे सरकते आणि ३ मार्च काढते. म्हणजे फेब्रुवारीचा हप्ता गायब आणि मार्चमध्ये दोन. बँकेचा नियम मात्र असतो, की ३१ नसेल तर महिन्याचा शेवटचा दिवस धरा.

आता टूलला म्हणा, ‘या कोडसाठी टेस्ट लिही.’ ते कोड वाचतं, कोड काय उत्तर देतो ते बघतं, आणि ‘३१ जानेवारीनंतर ३ मार्च आलं पाहिजे’ अशी टेस्ट लिहून बसतं. स्क्रीनवर सगळं हिरवंगार. पत्रिका ज्याने लिहिली त्यालाच मुहूर्त तपासायला सांगितल्यासारखं झालं हे. बँकेचा नियम कोडमध्ये नव्हताच, तो कर्जविभागातल्या कोणाच्या तरी डोक्यात किंवा एखाद्या जुन्या परिपत्रकात होता. तो विचारून आणून टेस्टमध्ये घालायला हवा. टूलला नियम आधी सांगितला असता तर त्याने कोडही बरोबर लिहिला असता, हेही खरं. म्हणून हे डेव्हलपर आता टूलकडे जाण्याआधी टेस्टमधली अपेक्षित उत्तरं स्वतः कागदावर काढतात आणि क्लायंटकडून पक्की करून घेतात.

वेळ खरंच वाचतो का?

सगळ्यांना वाटतं की वाचतो. एमईटीआर या एआय मॉडेलं तपासणाऱ्या संस्थेने २०२५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. १६ अनुभवी डेव्हलपर, त्यांच्याच ओळखीचे ओपन सोर्स, म्हणजे ज्यांचा कोड सगळ्यांसाठी खुला असतो असे प्रकल्प, एकूण २४६ कामं. काही कामांना एआय वापरायची परवानगी, काहींना नाही, आणि ही वाटणी चिठ्ठ्या टाकल्यासारखी केलेली. एआयची परवानगी असलेल्या कामांना १९ टक्के जास्त वेळ लागला. काम संपल्यावर त्याच लोकांना वाटत होतं, की आपण २० टक्के वेगाने काम केलं.

यावरून टूल निरुपयोगी आहे असा निष्कर्ष काढणं चुकीचं ठरेल. ती २०२५ च्या सुरुवातीची टूल्स होती, आणि ज्यांना आपल्या कोडचा कानाकोपरा पाठ आहे अशांवर तो प्रयोग झाला. न येणाऱ्या भाषेत काम करताना, नवीन प्रकल्प समजून घेताना, तेच तेच कंटाळवाणे बदल शेकडो ठिकाणी करताना वेळ नक्की वाचतो, हे मला जवळजवळ प्रत्येकाने सांगितलं. प्रयोगाचा धडा वेगळा आहे: स्क्रीनवर ओळी भराभर उमटल्या की आपल्याला वेग वाटतो, आणि नंतर त्या वाचण्यात, दुरुस्त करण्यात गेलेला वेळ आपण मोजत नाही.

स्टॅक ओव्हरफ्लो या डेव्हलपरांच्या प्रश्नोत्तरांच्या वेबसाइटने २०२५ मध्ये जगभरच्या डेव्हलपरांची जी पाहणी केली, तीत ८४ टक्के लोक एआय टूल्स वापरत होते किंवा वापरणार होते. टूल्सच्या उत्तरांच्या अचूकतेवर विश्वास ठेवणारे मात्र ३३ टक्के, आणि अविश्वास असलेले ४६. सगळ्यात मोठी तक्रार, की उत्तर ‘जवळजवळ बरोबर’ असतं. सरळ चुकीचा कोड चालतच नाही, म्हणून तो लगेच कळतो. जवळजवळ बरोबर असलेला कोड चालतो, आणि एखाद्या फेब्रुवारीत घात करतो.

सुंदर पिचाई यांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये सांगितलं होतं, की गुगलच्या नव्या कोडपैकी पाव हिश्श्याहून अधिक एआय तयार करतं, आणि मग इंजिनिअर तो तपासून स्वीकारतात. वाक्याचा दुसरा भाग चर्चेत फारसा येत नाही. नोकरी त्या दुसऱ्या भागात आहे.

‘यंत्राने कोड लिहिणं काय नवीन आहे?’

ज्येष्ठ मंडळी हा मुद्दा हटकून काढतात. तो चुकीचा नाही. ग्रेस हॉपर यांनी १९५२ मध्ये पहिल्या कंपायलरांपैकी एक लिहिला. कंपायलर म्हणजे माणसाला वाचता येईल अशा भाषेतल्या सूचना यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्राम. १९५७ मध्ये आयबीएमची फोर्ट्रान ही प्रोग्रामिंगची भाषा आली. त्यानंतर प्रोग्रामर कमी होण्याऐवजी प्रचंड वाढले, कारण काम सोपं झाल्यावर कामंच वाढली. पुण्यात तर हा विषय घरचाच आहे. टाटांची टीआरडीडीसी ही संशोधनसंस्था १९८१ पासून इथे आहे, आणि हडपसरच्या तिच्या कार्यालयात आराखड्यावरून कोड तयार करणाऱ्या साधनांवर नव्वदच्या दशकापासून काम झालं. त्यामुळे पुण्यातल्या नोकऱ्या काही गेल्या नाहीत.

पण एक फरक नजरेआड करून चालणार नाही. कंपायलरला तीच सूचना दिली तर दरवेळी तेच मिळतं. म्हणून त्याने तयार केलेला यंत्रकोड कोणी वाचत बसत नाही. मॉडेलला तेच वाक्य दोनदा सांगितलं तर दोन वेगळे कोड मिळू शकतात, आणि दोन्ही वाचावे लागतात. त्यामुळे ‘पूर्वी झालं तेच आता होईल’ एवढ्यावर विसंबून निश्चिंत होणं मला पटत नाही.

फटका कोणाला बसतोय? नवशिक्यांना

हा भाग लिहिताना मला सगळ्यात जास्त काळजी वाटते.

आपल्याकडच्या सर्व्हिस कंपन्यांचा व्यवहार बराचसा माणसं आणि तास यांवर चालत आला. क्लायंटला अमुक माणसांचे अमुक तास लावले, त्याचं बिल. हे परवडावं म्हणून रचना पिरॅमिडची: वर थोडे अनुभवी, खाली भरपूर फ्रेशर. फ्रेशरला साधी कामं दिली जायची. लहानसहान बग (कोडमधल्या चुका), रिपोर्टमधला एखादा रकाना, टेस्ट लिहिणं. या कामांतून तो चुका करत, सीनिअरची बोलणी खात शिकायचा. आज एजंटला सगळ्यात चांगली जमतात ती हीच कामं. शिवाय क्लायंट विचारतो, ‘तुमचा वेळ वाचतोय तर बिल कमी का नाही?’

स्टॅनफर्डच्या संशोधकांनी ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेतल्या पगारनोंदींचा अभ्यास मांडला. २२ ते २५ वयाच्या सॉफ्टवेअर डेव्हलपरांचा रोजगार २०२२ च्या अखेरीच्या उच्चांकापासून जुलै २०२५ पर्यंत सुमारे २० टक्क्यांनी घटला होता. त्याच व्यवसायातल्या मोठ्या वयाच्या लोकांचा घटला नव्हता. कोविडकाळात केलेली वारेमाप भरती, वाढलेले व्याजदर ही कारणंही या घटीमागे असू शकतात, आणि अमेरिकेचा आकडा जसाच्या तसा हिंजवडीला लावता येणार नाही. पण दिशा तीच असल्याचं इथले लोकही सांगतात.

चिंचवडच्या एका मुलाशी बोलले. चांगल्या कॉलेजातून आलेला, नोकरीला नुकताच लागलेला. तो म्हणाला, ‘मॅडम, टीममध्ये सगळे टूल वापरतात, मीही वापरतो. काम वेळेत होतं. पण रिव्ह्यूमध्ये सरांनी विचारलं, हे असंच का केलंस, तर मला सांगता येत नाही. आतून भीती वाटते.’ त्याच्या टीम लीडला मी नंतर याबद्दल विचारलं. त्यांचं उत्तर असं, की शिकवायला वेळच दिलेला नसतो. पूर्वी फ्रेशरचं साधं काम हेच त्याचं शिक्षण होतं, वेगळा वेळ द्यावा लागत नव्हता.

तपासणारा अनुभवी माणूस हवा, हे सगळे मान्य करतात. तो माणूस तयार होतो कुठे? साध्या कामांत. ती कामं एजंटला देऊन फ्रेशर घेणं थांबवलं, तर आणखी दहा वर्षांनी तपासायला बसणार कोण? ज्या कंपन्या आज भरती आटवत आहेत, त्यांना याचं उत्तर द्यावं लागेल, आणि माझ्या मते ते त्यांनी आजच द्यायला हवं.

‘उद्या टूल आणखी सुधारलं तर?’

सुधारेलच. चुका कमी होतील, तपासणीचं बरंच कामही टूल करू लागेल. तरी दोन गोष्टी उरतात. एक, काय हवंय हे ठरवणं. बँकेला शेवटची तारीख हवी की पुढची, हे बँकेनेच सांगायचं असतं, आणि अनेकदा बँकेलाही ते विचारल्यावरच लक्षात येतं. मुहूर्त मॉडेलने कितीही हुशारीने ओळखायचा म्हटला, तरी तो ठरवतात दोन घरं बसून.

दुसरी, जबाबदारी. आपल्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. तो दंड डेटा हाताळणाऱ्या संस्थेला होतो. ‘एजंटने केलं’ म्हणून ती सुटत नाही. त्यामुळे सही करणारा माणूस लागतो, आणि ज्यावर सही करायची ते समजणारा लागतो. अशी माणसं किती लागतील, आजच्याइतकी की निम्मी, हे आज छातीठोकपणे सांगणाऱ्यावर मी विश्वास ठेवणार नाही.

मग मुलीला घालायचं का कॉम्प्युटरला?

तिला आवड असेल तर जरूर. फक्त ‘चार वर्षं काढली की कॅम्पसमधून पॅकेज’ या हिशोबाने असेल, तर पुन्हा विचार करा. तो हिशोब आता भरवशाचा नाही.

शिकताना पाया सोडू नये. डेटाबेस कसा चालतो, नेटवर्कवरून माहिती कशी जाते, ऑपरेटिंग सिस्टिम काय करते, गिटमध्ये, म्हणजे कोडमधले बदल नोंदवून ठेवणाऱ्या साधनात, बदलांचा इतिहास कसा वाचायचा. दुसऱ्याने लिहिलेला मोठा कोड वाचायची सवय लावावी. ओपन सोर्स प्रकल्प त्यासाठी फुकट उपलब्ध आहेत आणि कॉलेजात हे जवळजवळ कोणी शिकवत नाही. बग स्वतः शोधायची सवय तर हवीच. एका सीनिअर बाईंनी त्यांच्या फ्रेशरना घालून दिलेला नियम मला फार आवडला: आधी स्वतः अंदाज बांधायचा की चूक कुठे असेल, तो लिहून ठेवायचा, मगच टूलला विचारायचं, आणि दोन्ही ताडून बघायचं. शिवाय एखादं क्षेत्र नीट समजून घ्यावं. बँकिंग, आरोग्य, वाहनं, काहीही. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत गाड्यांचे सुटे भाग कसे बनतात हे ज्या डेव्हलपरला कळतं, त्याला प्रश्न विचारता येतात.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांसाठी यात एक खरी संधी आहे, तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. वर्गात इंग्रजीत प्रश्न विचारायला संकोच वाटणारी मुलं याच टूलला मराठीत विचारू शकतात: ‘ही ओळ काय करते? नाही समजलं, परत सांग.’ कितीही वेळा विचारलं तरी कोणी हसत नाही. टूलचा हा उपयोग, शिकवणारा म्हणून, कोड लिहून घेण्यापेक्षा विद्यार्थ्याच्या जास्त कामाचा आहे. उत्तर पडताळून मात्र घ्यायचं. आणि नोकरी लागल्यावर क्लायंटचा कोड किंवा ग्राहकांची माहिती कंपनीने परवानगी न दिलेल्या टूलमध्ये कधीही चिकटवायची नाही. यावरून नोकरी जाऊ शकते.

मुलाखतीला गेल्यावर शेवटी विचारतात, ‘तुम्हाला काही विचारायचं आहे का?’ तेव्हा बहुतेक मुलं ‘नो सर’ म्हणून उठतात. त्याऐवजी विचारावं: पहिल्या वर्षी माझा कोड कोण तपासणार? त्या माणसाला त्यासाठी वेळ दिलेला असतो का? एआय टूल कुठे वापरायचं, कुठे नाही, याचा तुमच्याकडे लेखी नियम आहे का? दोन ऑफर हातात असतील आणि पॅकेजमध्ये थोडाच फरक असेल, तर या तीन प्रश्नांना धड उत्तरं देणारी कंपनी निवडावी.